फवारणीतली विषबाधा: तोंडाला रुमाल बांधून भागत नाही

सातबारा:

राम राम मंडळी.

पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पात्या (कळ्या) लागल्या की आमच्याकडे पंप माळ्यावरून खाली येतात. यंदाही आले. मागच्या आठवड्यात गावात सुरक्षित फवारणीची सभा झाली. बॅनर, दोन भाषणं, आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात एक कापडी मास्क. फोटो निघाला, सगळे पांगले. तो मास्क बघूनच हा धागा काढतोय. फवारणीचा विषय निघाला की जो तो नाकातोंडाचंच बोलतो, आणि विष शिरतं भलतीकडूनच.

२०१७ चं यवतमाळ बऱ्याच जणांना बातमी म्हणून आठवत असेल. आम्ही त्याच जिल्ह्यातले. त्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून जास्त माणसं दगावली, ८०० च्या वर दवाखान्यात भरती झाली. त्यात मजूर होते, आणि स्वतःच्या वावरात फवारणारे लहान शेतकरीही. नोव्हेंबरात सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या जिल्ह्यांत पाच औषधांची (कीटकनाशकांची) विक्री ६० दिवस बंद केली: प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं मिश्रण, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण, ॲसिफेट, डायफेन्थ्युरॉन आणि मोनोक्रोटोफॉस. तोवर वेचणी सुरू झाली होती, हे वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी एवढं का झालं? एकच कारण नव्हतं. पऱ्हाटी कितीतरी वावरांत माणसाच्या डोक्याला लागली होती, त्यामुळे फवारा खाली न जाता तोंडावर आणि छातीवर येत होता. हवा दमट, अंगाला घाम. किडींचा जोर, म्हणून दोन-तीन औषधं आणि वर एखादं टॉनिक एकाच पंपात. शिवाय बॅटरीचे आणि पेट्रोलचे पंप आले होते, त्यांचा थेंब इतका बारीक की धुक्यासारखा हवेत तरंगतो. पेट्रोल पंपाला पाणी कमी लागतं, म्हणून औषधाचं प्रमाण साध्या पंपाच्या तिप्पट घ्यायला सांगतात. म्हणजे अंगावर येणारा तुषारही तिप्पट जहाल. हा हिशेब मजुराला कोणी सांगत नाही.

आता मुद्द्याचं. फवारणाऱ्याच्या अंगात जाणाऱ्या विषाचा मोठा वाटा कातडीतून जातो, श्वासातून त्यामानाने थोडा. १६ लिटरचा पंप पाठीवर घेतला की झाकणाचं वायसर झिजलेलं असतं. माणूस वाकला की झाकणातून धार सुटते, पाठीच्या कण्यावरून खाली येते आणि कमरेच्या नाडीपाशी जिरते. पुढून, नुकत्याच फवारलेल्या ओळीतून चालल्यामुळे मांड्या भिजतात. अंगावर सुती शर्ट आणि हाफ पँट. ओलं कापड दिवसभर कातडीला चिकटून. पॅराथिऑन या जुन्या कीटकनाशकावर माणसांच्या कातडीचे जे जुने प्रयोग आहेत त्यांत हाताच्या कोपराखालच्या भागाच्या तुलनेत कपाळातून साधारण चौपट आणि जांघेत, अंडकोषाच्या कातडीतून, ११ पटींहून जास्त विष आत गेलं होतं. आमची पोरं नेमकी तिथेच भिजतात आणि आपण त्यांच्या तोंडाला रुमाल बांधतो. तो रुमालही अर्ध्या तासात ओला होतो, मग विषाची पट्टी नाकावर बांधल्यात जमा.

दुसरी गोष्ट. औषध आणतो मालक, कालवतो बहुतेक मालक किंवा सालदार, आणि मारतो तिसराच. बाटली धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, राहते. मजुरी पंपावर, जितके पंप तितके पैसे, म्हणून तो थांबत नाही, हात धूत नाही, तसाच बिडी पेटवतो. रात्री उलट्या सुरू झाल्या की डॉक्टर विचारतात, कोणतं औषध होतं? घरच्यांना माहीत नसतं. मालकाचा फोन लागत नाही.

आमच्या वावरात मी काही गोष्टी लावून घेतल्यात. फवारणीला मजुरी पंपावर नाही, रोजावर. पंपाची वायसरं हंगामाआधी बदलायची, दहा-वीस रुपयांचं काम. पाठीला आणि पुढून मांडीपर्यंत प्लास्टिकचा तुकडा, खताच्या पोत्यातलं आतलं अस्तर धुऊन वापरलं तरी चालतं. वारा बाजूने येईल असं चालायचं, नळी वाऱ्याच्या खालच्या अंगाला धरायची. शक्य तिथे मागे सरकत मारायचं, म्हणजे भिजलेल्या झाडांतून जावं लागत नाही. नोझल चोंदलं तर तोंडाने फुंकायचं नाही, जुना टूथब्रश सोबत. साबण आणि पाण्याची वेगळी घागर धुऱ्यावर हवीच. आणि रिकामा डबा लेबलासकट संध्याकाळपर्यंत फेकायचा नाही.

आपापले अनुभव लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनी जास्त लिहा.


उन्हाळी भुईमूग:

सातबारा भाऊ, लिवलं झकास. पण मी सोता पंप पाठीवर घेतो. भादव्याच्या उन्हात प्लास्टिक गुंडाळून अर्धा एकर मारून दाखवा, मंग सांगा. घामानंच माणूस पडते. ते किट वाटतात न, पांढरा कोट, चष्मा, ते घातलं का पाच मिंटात चष्म्यावर वाफ. दिसत नाही काही. मंग काढून ठेवतो. साऱ्या गावाचं हेच हाय.


सातबारा:

भाऊ, तुमचं खरं आहे. म्हणूनच मी पूर्ण कोट म्हणत नाही, पाठ आणि मांड्या म्हणतो. हात आणि बगला मोकळ्या राहिल्या तर घाम सुकतो, अंगात लांब बाह्यांचा सुती शर्ट असू द्या. आणि वेळ पाळा. सकाळी दव उतरलं की सुरू, अकरापर्यंत बंद, मग चारनंतर. दुपारी घामेजलेल्या कातडीतून विष जास्त शिरतं, औषधाची वाफही जास्त, आणि पिकालाही त्याचा फायदा नाही. पूर्ण दिवस एकाच माणसाने मारायचं नाही, दोघांनी आळीपाळीने.


रात्रपाळी:

मी फिजिशियन आहे, काही वर्षं विदर्भातल्या एका सरकारी दवाखान्यात होतो. कातडीबद्दल वर लिहिलंय ते बरोबर आहे. एक भर: तीव्र औषध हातावर सांडण्याचा धोका सगळ्यात जास्त कालवताना असतो, कारण तेव्हा त्यात पाणी नसतं. 'ईसी' लिहिलेल्या औषधांत तेलकट द्रावक असतो, तो विषाला कातडीतून आत जायला मदत करतो. म्हणजे हातमोजे फवारताना एकवेळ राहिले तर राहिले, पण बाटलीचं झाकण उघडताना हवेतच.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट, क्लोरपायरिफॉस ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. आपल्या मज्जातंतूंचा निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन काम झालं की मोडावं लागतं, ते मोडणाऱ्या कोलिनएस्टरेज या विकराला हे विष बांधून टाकतं. मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, छातीत घरघर, स्नायूंची फडफड, आणि डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक. पेशंट येतो तेव्हा नातेवाईक म्हणतात, "ऊन लागलं डॉक्टर." गावातच सलाइन लावून वेळ गेलेला असतो. उष्माघातात अंग तापलेलं असतं आणि माणूस बरळतो. इथे अंग घामाने चिंब, तोंडातून लाळ, आणि बाहुल्या बारीक. मोबाईलच्या उजेडात डोळे बघायला डॉक्टर असावं लागत नाही. फवारणी केलेली आहे आणि यातलं काही दिसतंय, एवढं पुरे. थेट मोठ्या दवाखान्यात.

निघण्याआधी दोन मिनिटं मात्र द्या. अंगावरचे सगळे कपडे काढा, साबणाने अंग आणि केस धुवा. भिजलेले कपडे तसेच ठेवून गाडीत घातलेला पेशंट वाटभर विष पीतच असतो. धुणाऱ्याने हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी. पेशंट गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका, दूध, तूप, लिंबू काही देऊ नका. तेलकट द्रावक ओकताना फुप्फुसात गेला तर दुसरंच संकट उभं राहतं.

औषधाचा डबा सोबत आणा. अगदीच जमलं नाही तर लेबलचा फोटो. कारण ऑर्गॅनोफॉस्फेटवर ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम चालतं, कार्बामेटवर (तोच विकर अडवणारा दुसरा गट) मुख्यतः ॲट्रोपिन, आणि डायफेन्थ्युरॉन, इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल यांना खास उतारा नाही, तिथे श्वास, रक्तदाब, झटके सांभाळत राहायचं. चुकीचा उतारा देण्यातही धोका आहे.

आता एक गोष्ट जी नातेवाईकांना कोणी सांगत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेटचा पेशंट पहिल्या दिवशी सुधारतो. उलट्या थांबतात, बोलायला लागतो. घरचे म्हणतात, सुट्टी द्या, कापसाचे दिवस आहेत. पण १ ते ४ दिवसांच्या दरम्यान काहींची मान आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडतात. आम्ही रोज सकाळी पेशंटला सांगायचो, उशीवरून डोकं उचल. उचललं आणि धरून ठेवलं तर ठीक. मान उचलता येत नसेल तर व्हेंटिलेटर जवळ आणायची वेळ. म्हणून डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा.

दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, टोल फ्री १८०० ११६ ११७, दिवसरात्र चालू. छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही फोन केला तर सल्ला मिळतो. ॲम्ब्युलन्स १०८.


निंबोळी:

बायकांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. पंप पुरुषाच्या पाठीवर असतो, पण ड्रममध्ये पाणी कोण भरतं? घागरी आम्ही वाहतो, ड्रममध्ये काठी घालून ढवळतो आम्ही, आणि हात ओले तसेच पोराला जवळ घेतो. पाच-सहा महिन्यांची गरोदर बाई ड्रमपाशी उभी असते आणि कोणाला काही वाटत नाही. शेजारच्या ओळीत फवारणी चालू आणि इकडे निंदण, हे तर रोजचं. मारलेल्या वावरात झाडं पूर्ण सुकेपर्यंत कोणी जाऊ नये, आणि लेबलवर त्याहून जास्त वेळ लिहिला असेल तर तेवढा पाळावा. पण निंदणाचा रोज कोण बुडवणार?

मग संध्याकाळी तेच कपडे घरच्या धुण्यात. आमच्या सासूबाईंनी यावर नियम केला होता, कोणी शिकवलं नव्हतं त्यांना. फवारणीचे कपडे मागच्या दारी, वेगळ्या टोपल्यात. आधी नुसत्या पाण्याने दोनदा काढायचे, मग साबण, मग कडक उन्हात. बादली वेगळी, तिच्यावर खिळ्याने फुली कोरलेली. आणि औषधाने चिंब भिजलेला सदरा धुवायचा नाही, पुरायचा. माणूस आंघोळ केल्याशिवाय चुलीपाशी येणार नाही, हेही.

डब्यांचं तर विचारू नका. छान पांढरे जाड प्लास्टिकचे डबे, फेकवत नाहीत. घासले की झालं, असं म्हणून त्यात तेल, रॉकेल, कुठे कुठे पाणीसुद्धा. २०१३ साली बिहारमध्ये सारण जिल्ह्यात शाळेच्या दुपारच्या जेवणातून २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं, तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवलेलं होतं. त्यानंतर आमच्या घरी डबा रिकामा झाला की तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं आणि डब्याला सुरीने आरपार भोकं पाडायची. भोक पडलेला डबा कोणी मागायला येत नाही.


माणिकचमन:

द्राक्षवाला आहे, निफाड भागातला. आमच्याकडे चित्र उलटं. ट्रॅक्टरचा ब्लोअर, त्यामुळे पाठीवर पंप नाही, पण धुकं जास्त आणि छाटणीनंतर फवारण्यांची संख्याही जास्त. २०१० साली युरोपने आपली द्राक्षं अडवली होती, क्लोरमेक्वॅट या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून. शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. निर्यातीच्या बागेत कोणती फवारणी कधी, काढणीआधी किती दिवस, सगळी वही. नमुना प्रयोगशाळेत पास झाल्याशिवाय कंटेनर हलत नाही.

म्हणजे हॅम्बर्गला द्राक्ष खाणाऱ्या माणसासाठी अंश कणाकणाने मोजतो आम्ही, आणि ब्लोअर चालवणाऱ्या पोराच्या रक्तातलं कोलिनएस्टरेज एकदाही तपासत नाही. एका निर्यातदाराला हे बोललो तर म्हणाला, "त्याची कोणी मागणी केली नाही ना." खरंच आहे, गिऱ्हाईक मागेल तेच तपासतात.


रात्रपाळी:

माणिकचमन, ती तपासणी फार महाग नाही. हंगाम सुरू होण्याआधी एकदा करून ठेवायची, तो त्या माणसाचा मूळ आकडा. मग हंगामात पुन्हा. मूळ आकड्यापासून बरीच घसरण दिसली तर त्या माणसाला काही आठवडे फवारणीपासून लांब ठेवायचं. सुरुवातीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही, कारण माणसामाणसात फरक असतो. फक्त ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेटसाठीच ही तपासणी, बाकी औषधांना नाही.


जुनं दप्तर:

कायद्याचं थोडं. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेलं गव्हाचं पीठ खाऊन १०० हून अधिक माणसं मेली. त्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ चे नियम. त्या नियमांत काय नाही? हाताळणाऱ्याची कामाआधी आणि ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, श्वसनाचं साधन, प्रथमोपचार आणि उताऱ्याची सोय, कामाचं प्रशिक्षण, रिकाम्या डब्यांची विल्हेवाट. सगळं लिहिलेलं आहे. गोदामात आणि कारखान्यात थोडंफार पाळतात. धुऱ्यावर कोण बघायला येतं?

लेबलवर शंकरपाळीसारखा उभा चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघायचा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लालवर कवटी असते. पण हा रंग फक्त एकदम पोटात गेलं किंवा अंगावर पडलं तर किती विषारी यावरून ठरतो. उंदरांवर मोजलेला आकडा: किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत मारक तो लाल, ५००० च्या वर तो हिरवा. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेलं तर काय होतं, ते त्या रंगात नाही. हिरवा बघून हात कोपरापर्यंत ड्रममध्ये घालणारे मी पाहिलेत.

आणि लेबल कुठल्या भाषेत आहे? मराठी असतं, घडी घातलेल्या पत्रकात, मुंगीएवढ्या टाइपात.


देशी वाण:

एवढा खटाटोप करण्यापेक्षा विषच बंद करा ना. दशपर्णी अर्क, निंबोळी अर्क, गोमूत्र. आमच्या आज्यापणज्यांनी कुठे फवारलं होतं? ज्यांना रासायनिकच हवं त्यांना विषबाधेची तक्रार करायचा हक्क नाही.


सातबारा:

शेवटचं वाक्य लिहिताना तुम्ही विचार केला नसावा. ज्याला विषबाधा होते त्याने औषध निवडलेलं नसतं, तो पाठीवर पंप घेऊन २ एकरांचा रोज कमावत असतो.

निंबोळी अर्काला माझा विरोध नाही, पहिल्या दोन फवारण्या मी त्याच्याच करतो. पण निसर्गातलं म्हणजे निर्धोक असं नाही. तंबाखूचा अर्क फवारणारे आहेत आमच्याकडे. निकोटिन कातडीतून सहज आत जातं, हिरवा तंबाखू ओल्या हाताने तोडणाऱ्या मजुरांनाही मळमळ आणि चक्कर येते. तिथेही मोजे लागतातच.

फवारण्या कमी करणं हा मात्र खरा उपाय. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग ३ रात्री, दर रात्री सापळ्यामागे ८ पतंग सापडले तर फवारणीचा विचार, नाहीतर नाही. शेजाऱ्याने मारलं म्हणून मी मारतो, या एका सवयीने निम्म्या फवारण्या होतात. आणि कृषी केंद्रात जाऊन "भाऊ, काहीतरी जबरदस्त द्या" म्हणणं बंद करा. तो दोन बाटल्या आणि एक टॉनिक देणारच, त्याचं दुकान आहे.


गॅलरीतली तुळस:

मी पुण्यात, शेतीशी संबंध फक्त मंडईतून. वाचून हादरले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर भाजी धुण्याचे दररोज नवे उपाय येतात. मीठ, व्हिनेगर, खायचा सोडा, ओझोनचं मशीन. यातलं खरंच काही चालतं का?


रात्रपाळी:

खायच्या सोड्यावर २०१७ मध्येच अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला होता. पाण्यात थोडा सोडा, १२ ते १५ मिनिटं बुडवून ठेवलं तर सालीवरचं बरंचसं गेलं. जे सालीच्या आत मुरलं होतं ते राहिलं. म्हणजे वरचं जातं, आतलं जात नाही. आंतरप्रवाही औषधं तर झाडाच्या रसातूनच फिरतात, ती कशानेही धुतली जाणार नाहीत. तिथे काढणीआधी किती दिवस थांबले यावरच सगळं अवलंबून.

घरी एवढं करा: वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, पालेभाजीची पानं सुटी करून दोन-तीन पाण्यांतून काढा, कोबीची वरची पानं टाका, काकडी-दुधी सोलता येतं ते सोला. मशीन घेऊ नका. आणि या भीतीने पोरांची भाजी-फळं बंद करू नका, त्याचं नुकसान जास्त.

तुमच्या घरातही विष आहेच, तुळसताई. धान्यात ठेवायच्या सेल्फॉसच्या गोळ्या घराघरांत असतात. ॲल्युमिनियम फॉस्फाइड. ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो, आणि त्याला उतारा नाही. राहत्या घरात त्या वापरायच्याच नाहीत, धान्य उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवा.


गॅलरीतली तुळस:

बापरे. आमच्या वाण्याकडे सुट्या मिळतात त्या.


माणिकचमन:

@तुळसताई, वांगी-भेंडीच्या पट्ट्यात काय होतं ते सांगतो. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. कुठलंही औषध मारलं तर ५-७ दिवस तोडू नका लिहिलेलं असतं. मग शेतकऱ्याने काय करावं? भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस मारायला २००५ पासून बंदी होती, तरी बाटली त्याच दुकानात कापसासाठी म्हणून मिळत होती. दुकानदार विचारत नाही कशावर मारणार. २०२३ मध्ये केंद्राने ३६ टक्क्यांचं मोनोक्रोटोफॉस बंद करण्याचा आदेश काढला, तो १८ वर्षांनी.


उन्हाळी भुईमूग:

डाक्टर सायेब, एक इचारतो. आमच्या गावात तणनाशक मारणारा एक पोरगा हाय, त्याले बोटाची नखं काळी पडून गळाले लागली. त्याचं काय? आन मी वीस वर्सापासून मारतो, मले काई झालं नाही.


रात्रपाळी:

नखांचं दाखवून घ्यायला सांगा, आणि पॅराक्वॅट हे तणनाशक हाताळत असेल तर ते आधी थांबवायला सांगा. त्याने कातडी आणि नखं खराब होतात. फुटलेल्या कातडीतून ते रक्तात जातं, आणि पोटात एक घोटभर गेलं तर फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात. उतारा नाही. ज्या थोड्या प्रसंगांत पेशंट पूर्ण शुद्धीवर, बोलता-चालता असताना आम्हाला माहीत असायचं की हा वाचणार नाही, त्यातला हा एक. शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवलेलं तणनाशक चुकून प्यायलेले पेशंट आलेत. कुठलंच औषध दुसऱ्या बाटलीत काढू नका.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं: लगेच काही होत नाही म्हणजे काहीच होत नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेट, मॅलॅथिऑन, डायझिनॉन यांना कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात टाकलं, लिंडेनला खात्रीच्या गटात. पॅराक्वॅट आणि कंपवात यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय. अमुक माणसाला अमुक औषधानेच झालं, असं मात्र सांगता येत नाही, आणि म्हणूनच त्याची बातमी होत नाही.

आणि एक विषय कोणी काढला नाही, मी काढतो. औषध घरात कुलपाखाली ठेवा, चावी एकाकडेच. मी पाहिलेल्या पेशंटांपैकी कितीतरी फवारणीतले नव्हते, रागाच्या भरात हाताला लागलं ते प्यायलेले होते. तो तास टळला असता तर त्यातली बरीचशी माणसं परत तसं करणारी नव्हती. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल औषधं बंद करत आणली आणि दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचा दर निम्म्यावर आला. पीक काही बुडालं नाही त्यांचं.


देशी वाण:

मागचं शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं हे मान्य. पण श्रीलंकेचं वाचून परत तेच म्हणतो, बंदी घाला. मजुराला शिकवत बसण्यापेक्षा ते बाजारातच नको.


जुनं दप्तर:

लालपुरतं मी तुमच्याबरोबर आहे. ज्या औषधाला कोट, मोजे, चष्मा, सावली आणि थंड हवा एवढं सगळं लागतं, ते ४० अंशांच्या मुलखात पाठीवरच्या पंपातून मारायला देणं हाच मुळात गुन्हा आहे. पण बंदी आली तरी बोगस माल येतोच, त्याला ना लेबल ना बॅच नंबर. म्हणून पक्कं बिल घ्या. बिलावर औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदतीची तारीख आणि दुकानदाराचा परवाना क्रमांक हवा. २०१७ नंतर नुकसानभरपाईच्या वेळी पहिला प्रश्न हाच होता, कोणतं औषध, कुठून घेतलं? उधारीवर चिठ्ठीवर आणलेल्या मालाचं कोणाकडे काय असणार?


उन्हाळी भुईमूग:

उधारीवाल्याले बिल देते का कोणी? हंगाम झाल्यावर पैसे देतो तवा चिठ्ठी फाडून टाकते.


जुनं दप्तर:

मग चिठ्ठीचा आणि बाटलीच्या लेबलचा, दोन्हींचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, आणि फवारणाऱ्याच्या फोनवरही पाठवा. रात्रपाळींना रात्री अकरा वाजता लागतो तो फोटोही तोच.


निंबोळी:

मोज्यांचं राहिलं. कृषी केंद्रात पांढरे सुती मोजे देतात, ते अजिबात घेऊ नका, औषध पिऊन बसतात. डॉक्टरांचे पातळ पांढरेही नकोत, तेलकट औषधात मऊ पडतात. जाड नायट्राइल रबराचे मागा, कोपरापर्यंतचे. उंच पिकात हात वर करून मारायचं असेल तर बाही मोज्याच्या आत, खाली मारायचं असेल तर मोजा बाहीच्या आत. नाहीतर ओघळ थेट आत जातो. पँट नेहमी गमबुटाच्या बाहेर. आणि मोजे काढण्याआधी, हातात असतानाच साबणाने धुवायचे.


उन्हाळी भुईमूग:

निंबोळीताई, ते नायट्राइल का काय ते तालुक्याले भेटते का? आमच्या दुकानात तं पांढरेच हाय.


निंबोळी:

हार्डवेअरच्या दुकानात विचारा, केमिकलचे हिरवे मोजे म्हणून. कृषी केंद्रापेक्षा तिथे मिळायची शक्यता जास्त. दोन जोड घ्या, एक ड्रमपाशी उभ्या राहणाऱ्या बाईसाठी.